नडगीवरची नागीण

मजरेवाडी आणि नई जिंदगीच्या मधल्या गल्ल्यांत सकाळच्या पारी एखादं तान्हं पोर जिवाच्या आकांतानं रडायला लागलं आणि मग एकदम गप झालं, की आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, आली दगडाबाई. रडणं असायचं ते दुपट्यातून बाहेर काढताना. गप होणं असायचं ते तिच्या पायांवर पालथं पडल्यावर. ह्यात जादू काही नाही. दगडाबाईच्या नडग्या रुंद होत्या. दोन्ही पाय जवळ घेऊन लांब सोडले की मधे पन्हळीसारखी जागा व्हायची, आणि त्या पन्हळीत पोराला वाटायचं, आपण परत आईच्या पोटात जाऊन पडलो. असं दगडाबाईचं म्हणणं. पोरांना कुणी विचारायला गेलेलं नाही.

ती मूळची वैरागच्या बाजूची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा नवरा रामहरी चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होता. मागाच्या खडखडाटानं पुढं त्याचे कान इतके गेले, की ही एक बोलायची, तो दुसरंच ऐकायचा आणि तिसऱ्याचं उत्तर द्यायचा. "म्हणून तर आमचं भांडान कदी जमलं न्हाय," ती सांगायची.

न्हाऊ घालायचं काम ती कुणाकडं शिकली नाही. शेजारची बाळंतीण तापानं फणफणलेली, पोर जन्मल्यापासून तसंच चिकट पडलेलं, घरात दुसरं बाईमाणूस नाही. दगडाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं, पाटावर बसली आणि पोराला पायांवर घेतलं. ते पोर आता ट्रक चालवतं. त्यानंतर जी बोलावणी सुरू झाली ती थांबलीच नाहीत. विणकरांच्या तेलुगु घरांत गेली, तिथं पाण्याला नीळ्ळु म्हणायला शिकली. मुसलमानांच्या घरांत गेली, तिथं बाळंतिणीसाठी केलेली गोड अछवानी खायला शिकली, आणि ते शिकायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

तिच्या कामाच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. पाणी कोपरानं बघायचं, बोटानं नाही. बोटं चुलीला सोकावलेली असतात, ती खोटं सांगतात. टाळूवर तेल घालताना न्हाणीत कुणी बोलायचं नाही. आणि पोराच्या खाली टब, जाळी, फोमची गादी असलं काही चालायचं नाही. अलीकडं सगळ्यांकडं ते गुलाबी टब यायला लागले होते. "त्यात भांडी घासा," ती म्हणायची. "पोराला खाली मानसाचं कातडं लागतं. कातड्याला कातडं लागलं की ते रडत न्हाय." ह्या एका गोष्टीवर ती कुणाचं ऐकायची नाही. आईबापांचं नाही, नर्सबाईंचं तर नाहीच.

औंदा पाऊस सरता सरता गल्लीत चिकुनगुन्या आला. म्हणजे असा आला की सकाळी दूध आणायला निघालेली माणसं लंगडी खेळायला निघाल्यासारखी दिसायची. ज्याला त्याला विचारावं, "काय रं, हात का असा?" तर तो म्हणायचा, "तुझा पाय का तसा?" दगडाबाईलाही त्यानं धरलं. ताप उतरला, पण सांधे आखडून बसले. रामहरी तिला भाकरीचा काला करून भरवायचा आणि वर म्हणायचा, "बरं झालं, आता तरी घरात बसशील." हे मात्र तो बरोबर बोलला, आणि तिनं ऐकलं नाही.

कारण नेमकी तेव्हाच कमरबीची सून बाळंत झाली. कमरबी म्हणजे नई जिंदगीतली, दगडाबाईच्याच वयाची, जुनी मैत्रीण. तिचा मुलगा अझरुद्दीन शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो. तो जन्मला तेव्हा त्याला दगडाबाईनंच न्हाऊ घातलेलं. आता त्याला मुलगा झाला, उमर. सून शाइस्ता मंद्रूपची, शिकलेली, बोलायला मऊ. कमरबीला दुसरं कुणी चालणार नव्हतं आणि कमरबीला दुसरं कुणी चालू नये, असं दगडाबाईला वाटत होतं. एका गल्लीपलीकडं कोर्स केलेली एक मसाजवाली आली होती, ती मोबाईलवर गाणं लावून मालिश करते, असं तिच्या कानावर आलं होतं. तेवढं पुरे झालं. पाय ओढत ओढत ती कामाला लागली. उमर हे त्या दिवसांत तिच्या हातातलं एकच पोर.

दोन-चार सकाळी बऱ्या गेल्या. मग उजवा पाय जळायला लागला. गुडघ्याखाली, नडगीच्या कडेनं, जशी काही कुणी तापली उलथनी धरली आहे. तिनं स्वतःच ठरवून टाकलं, चिकुनगुन्या जाता जाता ह्या पायात बसलाय, बसू दे. पण पाठोपाठ तिथं लाल चट्टा उठला आणि चट्ट्यावर बारीक पाणी भरलेले फोड, एका ओळीनं, मण्यांसारखे.

रामहरीनं वाकून बघितलं. "ही नागीण हाय," तो म्हणाला.

"कसली पाहुनीण?" दगडाबाईनं मुद्दाम विचारलं.

"नागीण, नागीण!" तो ओरडला. बहिऱ्या माणसाला चिडवायची संधी रोज मिळत नाही.

गल्लीच्या टोकाला शरणप्पा राहतात. अक्कलकोटच्या पुढचे, बोलणं अर्धं कानडी. नागीण उतरवणारे म्हणून त्यांच्याकडं लोक जातात. त्यांनी गेरू उगाळला, तोंडातल्या तोंडात काही म्हणत फोडांच्या भोवती आणि वर जाड लेप दिला, म्हणजे नागीण पुढं सरकायची नाही. कमरेची नागीण असती आणि तोंड-शेपूट मिळालं असतं तर गोष्ट वेगळी, ते म्हणाले, पायाची काही करत नाही.

"दुसऱ्याला लागती का, अण्णा?" दगडाबाईनं एवढं मात्र विचारलं.

"इल्ल, इल्ल. नागीण ज्याची त्याची. दुसऱ्याला डसत न्हाय."

झालं. दगडाबाई निर्धास्त झाली. एक तर ती कुणाला लागत नाही, आणि वरनं गेरूनं झाकली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमरबीच्या न्हाणीत पाटावर बसली, लुगडं वर घेतलं आणि उमरला पायांवर पालथं घातलं. तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं, कोमट पाणी सोडलं. पोर गप. दगडाबाई खुशीत. शाइस्ता दाराशी टॉवेल घेऊन उभी.

उमरला उलटं करून दोन हातांत उचललं तर त्याच्या पोटावर आणि छातीवर लालभडक ओघळ.

शाइस्तानं जी किंकाळी फोडली ती ऐकून बाहेर रिक्षा पुसणारा अझरुद्दीन फडकं घेऊनच आत धावला. कमरबी हातातलं उलथनं घेऊन आली.

"अगं पोरी, रगत न्हाय ते," दगडाबाई हसत म्हणाली. "गेरू हाय. माझ्या पायाचा."

"पायाला गेरू कशाला, मावशी?"

"नागीण उठलीया. त्यात काय एवढं?"

ती हसत होती, पण तिच्याशिवाय कुणी हसत नव्हतं. शाइस्ता पुढं आली, पोर तिच्या हातातून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि भिंतीला टेकली. एवढ्या वर्षांत दगडाबाईच्या हातातून कुणी पोर असं काढून घेतलं नव्हतं. लोक तिच्या हातात द्यायचे, तिच्या हातातून मागून घ्यायचे. काढून घेणं वेगळं.

"नागीण कुनाला लागत न्हाय," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "शरणप्पांनी सांगितलंय."

"शरणप्पा डाक्टर हय क्या?" कमरबी म्हणाली. "चला. सगळे चला."

कोपऱ्यावर डॉक्टर काव्यानं नुकताच दवाखाना घातला होता. पाटी नवी, खुर्च्या नव्या, आणि डॉक्टरीणही अशी की पेशंट आधी विचारायचे, मोठे डॉक्टर कधी येणार? तिलाही दगडाबाईनं पायांवर घेतलेलं. त्यामुळं दगडाबाईला तिचा स्टेथोस्कोप बघून हसू यायचं. आज आलं नाही. तिघी आणि अझरुद्दीन आत गेले तेव्हा तिनंच आधी लुगडं वर करून पाय पुढं केला.

काव्यानं ओल्या कापसानं गेरू पुसला. दोन-तीन फोड फुटलेले होते. पोराचं अंग घासून घासून फुटलेले.

"आजी, लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या का?"

"झाल्या की. तवा कुनाला हुत न्हवत्या? आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं हुतं. पन त्येचं हितं काय?"

"ही तीच आहे."

"कोन?"

"कांजिण्यांचा जो व्हायरस असतो ना, तो कांजिण्या बऱ्या झाल्या तरी जात नाही. मणक्याजवळ नसांच्या मुळाशी जाऊन झोपतो. जन्मभर झोपून राहतो कधी कधी. आणि उठला की नागीण."

दगडाबाई आपल्या पायाकडं बघत राहिली. "म्हंजी एवडी वर्सं मी हिला पाठीशी घिऊन फिरतीया? आन मला पत्ता न्हाय?"

"मग आत्ताच का उठली ती?" अझरुद्दीननं विचारलं.

काव्याच्या आजोबांचे घरामागच्या शेडमध्ये दोन माग होते, ती त्यांच्या आवाजात अभ्यास करून डॉक्टर झालेली. "आजी, तुमच्या घरात जेकार्ड माहीत आहे. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. भोकं पाडलेली. ती भोकं सांगतात कुठला धागा उचलायचा, फूल कुठं, मोर कुठं. आता लाईट गेली आणि माग बंद पडला, तर पत्ते कुठं जातात का?"

"न्हाय. तितंच लोंबत असत्यात."

"नक्षी त्यातच असते. फक्त विणली जात नाही. व्हायरसच्या आतही असे त्याचे पत्ते असतात. जीन म्हणतात त्यांना. तो झोपलेला असतो तेव्हा ते बहुतेक सगळे थांबलेले असतात, आणि आपलं शरीर पहारा देत असतं. मग तुम्हाला चिकुनगुन्या झाला. त्याचा व्हायरस वेगळा, त्याची नक्षी वेगळी. ह्याचं त्याचं नातं नाही. पण त्यानं येऊन सगळं अंग ढवळून काढलं. पहारेकरी त्याच्यामागं पळाले. आणि ह्या गडबडीत जुन्याच्या मागाचा खटका पडला. त्याचे पत्ते एकामागून एक फिरायला लागले. तुमच्या पायावर आहे ना, ती विणून उतरलेली चादर."

"चिकुनगुन्यानंच केलं हे?" अझरुद्दीन म्हणाला.

"छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. वयही असतं. पण एक आल्यावर दुसऱ्याचे पत्ते फिरायला लागतात, असं होतं. आणि कधी उलटंही होतं बरं का. एक येतो आणि दुसऱ्याचा चालता माग बंद पाडतो. कुठला कुणाला काय करतो, ते मोठमोठे लोक अजून शोधतायत."

"हौ, समझी," कमरबी म्हणाली. "नया किरायेदार आला, धिंगाणा घातला, आणि जुना झोपलेला उठवला."

"सून आली की सासू जागी हुती, तसं म्हन की," दगडाबाई बोलून गेली. सवयीनं. कमरबीनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं जीभ चावली.

"पण माझ्या बाळाचं काय?" शाइस्ता म्हणाली. तिच्या आवाजानं सगळे पत्ते आणि माग एका बाजूला पडले.

काव्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "शरणप्पा म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. नागिणीपासून कुणाला नागीण होत नाही. पण ह्या फोडांच्या पाण्यात तोच कांजिण्यांचा व्हायरस असतो. ज्याला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत, त्याला त्यापासून कांजिण्या होऊ शकतात. आणि एवढ्या लहान बाळाला झाल्या तर ते हसण्यावारी नेता येत नाही. आता मला एक सांगा. तुम्हाला झाल्या होत्या का?"

"मला?"

"आईला झालेल्या असल्या तर पोटात असतानाच बाळाला आईकडून संरक्षण मिळतं. काही महिने पुरतं. म्हणून विचारते."

शाइस्तानं अझरुद्दीनकडं बघितलं, जसं काही त्याला माहीत असणार. "आठवत नाही," ती म्हणाली. "अम्मीला माहीत असेल."

मंद्रूपला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मंद्रूपचा त्या दिवशी बाजार, आणि शाइस्ताची आई सबिहा बाजारात गेली की फोन पिशवीच्या तळाला, त्यावर वांगी, त्यावर मेथी. अझरुद्दीन दाराबाहेर जाऊन येरझाऱ्या घालत फोन लावत राहिला. आत चौघी बसल्या. कमरबीचे ओठ हलत होते, तिची दुवा चालली असावी. दगडाबाईलाही देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, पण कुठल्या देवाला काय सांगावं? मी चूक केली, तू निस्तर? ती आपली उमरकडं बघत बसली. टॉवेलातून त्याची एक मूठ बाहेर आली होती, आणि ती धरावी म्हणून तिचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला.

फोन आला. अझरुद्दीननं स्पीकर लावला. मागं बाजाराचा कालवा.

"कांजिण्या?" सबिहा ओरडून बोलत होती. "झाल्या होत्या की! अंगभर! तिसरीत होती. शाळेत गॅदरिंग, हिला परी व्हायचं होतं, पांढरा फ्रॉक शिवून ठेवलेला, आणि सकाळी बघते तर तोंडावर फोड. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काय मीच आणल्या! का गं? काय झालं? बाळाला काय झालं?"

"काही नाही अम्मी," शाइस्ता म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता हसलीही, परीमुळं असावं.

काव्यानं हुश्श केलं. डॉक्टर झाली तरी लेकरूच ते. मग परत डॉक्टर होऊन सांगितलं: बाळाला मुलांच्या डॉक्टरांना दाखवून आणा. तीन आठवडे नीट लक्ष ठेवा. ताप आला, अंगावर काही उठलं, दूध ओढायचं थांबलं, की तसेच उठून यायचं. आणि आजी, तुम्ही ह्या गोळ्या घ्यायच्या, पाय झाकायचा, गेरू बंद, आणि फोड वाळून खपल्या धरेपर्यंत कुठल्याही पोराला हात लावायचा नाही.

"हात बी न्हाय?"

"हात बी नाही."

बाहेर आल्यावर दगडाबाई कमरबीला म्हणाली, "ती मसाजवाली बोलीव. हुशार हाय म्हनत्यात." हे वाक्य बोलायला तिला किती जड गेलं, ते तिलाच ठाऊक.

"नक्को," शाइस्ताच म्हणाली. "घरातलंच कुणीतरी करू. मावशी दारातून सांगतील."

आता घरातलं कोण? कमरबीची बोटं चिकुनगुन्यानं वाकडी झालेली, ती चहाचा कप दोन हातांनी धरायची. शाइस्ता ओली बाळंतीण. राहिला अझरुद्दीन.

"मी?" तो म्हणाला. "अम्मी, मी रिक्षावाला आहे."

"मग? पोराला रिक्षात धुवायचं नाहीये," कमरबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई न्हाणीच्या दारापासून लांब, अंगणातल्या खुर्चीवर बसली, पाय लुगड्यात गुंडाळून. अझरुद्दीननं पॅन्ट वर दुमडली. पाटावर बसताना त्याचे गुडघे कडाकडा वाजले.

"या अल्ला," कमरबी म्हणाली, "ह्याच्या पायावर तर जंगल आहे. पोर हरवेल त्यात."

"पाय जवळ घे," दगडाबाईनं सांगितलं. "आनखी. तू काय सायकलवर बसलाईस? हां. आता त्याला पालथा घाल. मान तुज्या पावलाकडं न्हाय रं, गुडघ्याकडं! पानी कशानं बघितलंस?"

"बोटानं."

"कोपरानं बघ! तुजी बोटं ब्रेक धरून मेल्यात."

उमर रडत होता, अझरुद्दीन घामानं भिजला होता, पाणी पोरापेक्षा बापाच्या शर्टावर जास्त गेलं होतं. शेवटी सगळं आटपून पोर टॉवेलात गेलं तेव्हा अझरुद्दीन भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही हे दिवसाला किती घरी करायच्या?" त्या दिवशी दगडाबाईनं दोन कप चहा घेतला.

मग रोज तसंच. ती यायची, लांब बसायची, ओरडायची. आल्या आल्या पहिला प्रश्न एकच: "अंगावर काय उठलंय का?" शाइस्ता उमरला उजेडात धरून दाखवायची. पोट, पाठ, काखा, मानेच्या वळ्या. दगडाबाई लांबून डोळे बारीक करून बघायची. शाइस्ता रागावली असती तरी चाललं असतं, पण ती रागावली नव्हती, आणि त्यामुळंच दगडाबाईला रात्री पाय जळायचा थांबला तरी झोप यायची नाही.

एका सकाळी ती आली तर दारात कुणी नाही. घरात चुळबुळ. उमरच्या गालांवर आणि गळ्याखाली बारीक लाल पुरळ उठलं होतं. शाइस्ता चप्पल घालत होती, अझरुद्दीन शाळेची पोरं रिक्षात तशीच बसवून परत आला होता; पोरं हॉर्न वाजवत होती. दगडाबाई त्यांच्या मागं मागं दवाखान्यापर्यंत गेली आणि पायरीवरच बसली. आत जायचं धाडस झालं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या बायका विचारत होत्या, "काय मावशी, हितं का?" ती म्हणायची, "बसलीया."

आतून काव्याच बाहेर आली. "आजी, घामोळं आहे. तुम्ही त्याला टोपी, स्वेटर, दोन दुपटी, सगळं घालायला सांगता ना? ह्या उकाड्यात?"

"वारं लागतं म्हनून सांगितलं."

"वारं लागू द्या जरा."

एरवी कुणी असं बोललं असतं तर दगडाबाईनं त्याच्या सात पिढ्या न्हाऊ घातल्या असत्या. त्या दिवशी म्हणाली, "व्हय बाई, लागू दे वारं," आणि पदरानं तोंड पुसलं.

तीन आठवडे सरले, वर आणखी थोडे दिवस सरले. उमरच्या अंगावर घामोळ्याशिवाय काही उठलं नाही. दगडाबाईच्या नडगीवरच्या खपल्या वाळून पडल्या, मागं गुळगुळीत डाग राहिले. काव्यानं पाय उलटासुलटा करून बघितला आणि मान डोलावली. दगडाबाईनं घरी जाऊन रामहरीला सांगितलं, "डाक्टरीण म्हनली, आता पोर घ्यायला हरकत न्हाय."

"ह्या वयात?" रामहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून गेली. शाइस्तानं स्वतः उमरला आणून तिच्या हातात दिलं. द्यायच्या आधी एकदा तिच्या पायाकडं बघितलं आणि मग तिच्या तोंडाकडं बघून हसली. दगडाबाई पाटावर बसली. पाय जवळ घेतले, पन्हळ झाली, उमरला अलगद पालथं घातलं.

उमरनं भोकाड पसरलं.

तिनं पाठीवर हात फिरवला. आणखी जोरात. तेल कोमट करून आणलं, गाणं म्हटलं, पावलं दाबली. पोर लालबुंद. न्हाणीच्या दारात अझरुद्दीन उभा होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याला आज कुणी बोलावलं नव्हतं. सवयीनं आला होता.

"मावशी, मी जरा घेऊन बघू?"

कमरबी आतून हसत होती, उघड उघड. दगडाबाईनं पोराला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. अझरुद्दीन पाटावर बसला, कोपरानं पाणी बघितलं, उमरला त्या जंगलात पालथं घातलं, आणि उमर दोन हुंदके देऊन असा गप झाला, की गल्लीतल्या बायकांना वाटलं असेल, आली दगडाबाई.

ती बघत उभी राहिली. वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण बापाचा हात पोराच्या पाठीवरून कसा सरकतोय, मणका सोडून, कडेकडेनं, जसा तिनं अंगणातून ओरडून ओरडून शिकवला तसा, ते बघताना तिचा चेहरा आपोआप उजळला.

"टाळूला जपून," तिनं एवढंच सांगितलं.

"माहीत आहे, मावशी. गप बसा. टाळूला तेल घालताना बोलायचं नसतं."

दगडाबाई गप बसली. मग लुगडं खोचलं, तेलाची वाटी उचलली आणि आतल्या खोलीकडं निघाली. "चल शाइस्ता," ती म्हणाली, "आडवी हो. कंबर कुटं दुखतीया दाखव. हे काम काय तुज्या नवऱ्याला शिकवणार न्हाय मी."